खंडेनवमीची हळद आणि सात हिरवे ठिपके

मी अर्धी नोकरी मासे सांभाळण्यात घालवली आणि एकही मासा खाल्ला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण अर्धापूरच्या आमच्या पाहुण्यांना ते अजून खरं वाटत नाही. नांदेडला जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काय काम करून राहिलास तिथं?" मी सांगायचो, "मासे पाळतो." लगेच आमचे मेव्हणे पुढे सरकायचे, "मग एखांदा डबा भरून आणत जा की!" मग मी करंगळी पुढे करून सांगायचो की मासा एवढासाच असतो, अंगावर निळे पट्टे असतात, त्याला झेब्राफिश म्हणतात. मेव्हण्यांचा चेहरा असा पडायचा की जणू मी त्यांच्या ताटातली भाकरी उचलली.

नोकरीच्या सुरुवातीला मी बेडूक पाहिले, कोंबडीची अंडी उबवली. शेवटच्या दहा-बारा वर्षांत मात्र हे मासेच माझं घरदार झाले. त्यांच्या टाक्या धुणं, पाणी मोजणं, संध्याकाळी नर आणि मादी एकाच टाकीत पण मध्ये पारदर्शक फळी घालून ठेवणं आणि सकाळी दिवा लागला की फळी काढणं, हे माझं काम. फळी काढली की अर्ध्या तासात मादी अंडी घालते, मर्जी असली तर. कोणती जोडी कधी रुसते हे मला जेवढं कळायचं तेवढं सरांना कळत नव्हतं, आणि हे सरही कबूल करायचे. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. उंच, विसराळू, आणि आनंद झाला की मोठ्यानं बोलणारे.

बाहेरच्या माणसाला या कामात काय मोठंसं असं वाटेल, म्हणून सोपं करून सांगतो. या माशाचा गर्भ काचेसारखा आरपार दिसतो. आत पेशी एका ठिकाणी जन्मतात आणि चालत चालत दुसरीकडे जाऊन कुणी जबडा होते, कुणी काळजाचा तुकडा होते. पण लाखभर सारख्या पेशींच्या गर्दीत एक पेशी कुठून कुठं गेली हे कळायचं कसं? त्यासाठी अंड्यात एक खूण सोडायची. समुद्रातल्या एका जीवापासून मिळालेलं हे चमकणारं द्रव्य शास्त्रज्ञांनी असं बदललंय की ते आधी झोपलेलं असतं, अजिबात दिसत नाही. जांभळा उजेड पडला की ते जागं होतं आणि मग निळ्या उजेडात हिरवं चमकायला लागतं. जांभळ्या उजेडाचा किरण सुईच्या टोकाएवढा बारीक करून हव्या त्या चार पेशींवरच टाकायचा. तेवढ्याच जाग्या होतात. मग त्या हिरव्या पेशी कुठं निघाल्या ते दिवसभर बघत बसायचं. गर्भ जिवंत असतो, वाढत असतो, आणि आपण त्याचा प्रवास बघत असतो. मला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलोच नाही, चहा गार झाला.

यात अडचण एकच. खूण झोपलेली राहायला अंधार पाहिजे. साधी खिडकी उघडी राहिली तरी सगळ्याच पेशी जाग्या होतात आणि प्रयोग वाया जातो. म्हणून आमच्या त्या खोलीत लाल बल्ब होता आणि दाराला दोन काळे पडदे. एकदा एसी दुरुस्तीला सलीमभाई आले. मी सांगितलं, टॉर्च लावायचा नाही. ते म्हणाले, "चाचा, मैं मेकॅनिक हूँ, घुबड नहीं." तरी त्या माणसानं लाल उजेडात चाचपडत काम केलं, एक स्क्रू हरवला, तो हातांनी जमीन चाचपून शोधला, पण टॉर्च लावला नाही. बाहेर आल्यावर मी त्यांना स्वतःच्या डब्यातला धपाटा दिला.

आता मुद्द्यावर येतो. प्रज्ञा आमच्याकडं संशोधन करायला आली ती हदगावहून. वडील शिक्षक, आई अंगणवाडीत. बोलायला मोजकी आणि कामाला वाघीण. गर्भ हलवायला तिनं एक काडी केली होती, काचेच्या नळीच्या टोकाला स्वतःच्या पापणीचा केस चिकटवून. या कामात तसली काडी लागतेच, कारण चिमट्यानं गर्भ फुटतो. मी गमतीनं म्हणायचो, "तुझं लगीन ठरलं की नवरा विचारील, एका डोळ्याच्या पापण्या कमी कशा?" ती म्हणायची, "सांगीन, दिगंबरकाकांच्या माशानं खाल्ल्या."

तिची मुदत संपत आली होती. दोनदा वाढवून मिळाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. दसऱ्यानंतर आठ दिवसांनी बाहेरचे तज्ज्ञ तिचं काम बघायला येणार होते. त्यांना दाखवायला मानेमागच्या पेशींचा एक स्वच्छ, अखंड प्रवास तरी हवा होता, आणि तो तोवर जमला नव्हता. कधी गर्भ मरायचा, कधी वीज जायची. अंड्यात सोडायच्या खुणेच्या दोनच नळ्या उरल्या होत्या. नवीन मागवायची तर महिने लागले असते. त्या दोन नळ्यांवर तिची पाच वर्षं टांगलेली होती.

खंडेनवमीच्या सकाळी अंडी मिळाली. प्रज्ञानं घाईघाईनं सुया टोचल्या, गर्भ अंधारात ठेवले. दहा वाजता आमची पूजा. आमच्याकडं त्या दिवशी ज्याच्या जिवावर पोट चालतं त्या अवजाराला हळदकुंकू लागतं. बालपणी घरी विळा, पेरायची पाभर, हळद शिजवायची कढई यांची पूजा व्हायची. प्रयोगशाळेत मी बादली, जाळी, पंप आणि झाडू मांडायचो. झेंडूची फुलं, नारळ. सर नारळ फोडायचे आणि दरवर्षी पाणी स्वतःच्या बुटावर सांडायचे.

पूजेआधी प्रज्ञा हळूच म्हणाली, "काका, मायक्रोस्कोपला आन माझ्या चिमट्या-ड्रॉपरला हळदकुंकू नका लावू."

मी "बरं" म्हणालो. पण मला ते लागलं. आता खरं लिहायलाच बसलोय तर लपवत नाही. माझ्या मनात आलं, ही बौद्धाची पोर, यांच्याकडं पूजा नसते, म्हणून नको म्हणून राहिली. तिच्या घरची रीत तिला, माझी मला, इथवर ठीक होतं. पण पुढं माझा हट्ट चढला. जो मायक्रोस्कोप मी रोज पुसतो तो काय एकट्या तिचा? ती जेवायला गेली तशी मी आत शिरलो आणि अनामिकेनं टिकलीएवढी हळद मायक्रोस्कोपच्या पायाला लावली, चिमट्याच्या मुठीला लावली, ड्रॉपरच्या रबराला लावली. वर हात जोडले. माझ्या मनानं मी कुणाचं काहीच बिघडवलं नव्हतं.

दसऱ्याला सुट्टी होती, पण गर्भांना सुट्टी नसते. प्रज्ञाचे वडील दरवर्षीसारखे नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. तीही दरवर्षी जायची, त्या साली गेली नाही. सकाळी तिनं गर्भाचा आधीचा फोटो काढला, सगळं काळं. मग मानेमागच्या पेशींवर जांभळा किरण टाकला आणि लहानसा हिरवा पुंजका उमटला. दुपारी डिशमधलं पाणी बदलायचं होतं. ते माझं काम. मी ते ड्रॉपरनं हलक्या हातानं बदललं.

चार वाजता ती मायक्रोस्कोपवरून ओरडली. पुंजका होता तिथं होता, जबड्याकडं जरासा उतरला होता. पण त्याशिवाय शेपटीच्या अलीकडं सात हिरवे ठिपके होते. तिथं त्या पेशी जातात असं तोवर कुणी पाहिलं नव्हतं. नेमके सर आपट्याची पानं घेऊन सोनं द्यायला आलेले. ते वाकून बघत बसले आणि बघता बघता मोठ्यानं बोलायला लागले. प्रज्ञा म्हणाली, "सर, सहा घंट्यांत इतकं अंतर?" सर म्हणाले, "म्हणूनच तर नवीन आहे, प्रज्ञा!" त्यांनी आपट्याचं पान तिच्या हातात ठेवलं. "हे घे, आज खरं सोनं तुला सापडलंय." ती रडली. मला तर वाटलं, काल मशीनला हळद लावली त्याचंच हे फळ. मी मनातल्या मनात छाती फुगवून घेतली.

सगळे गेल्यावर मी आवराआवर करत होतो. टेबल पुसताना माझा हात चालू राहिलेल्या जांभळ्या दिव्याखाली गेला आणि माझ्या अनामिकेचं नख चमकलं. नखाच्या कडेनं हिरवट पिवळी रेघ, लखलखीत. मी हात मागं घेतला, परत पुढं केला, परत रेघ. मग ड्रॉपर धरला. रबरावर टिकली चमकत होती आणि खाली नळीच्या तोंडापर्यंत बारीक कण चमकत होते.

मी हळदीच्या घरातला माणूस. आमच्या अंगणात हळद शिजायची, वाळायची, नखातली पिवळाई आठ-आठ दिवस जायची नाही. पण हळद त्या उजेडात अशी पेटते हे मला तोवर माहीत नव्हतं. ते सात ठिपके कुठून आले हे त्या घडीला जगात मला एकट्याला कळलं होतं.

मी दिवे बंद केले, कुलूप लावलं आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत कुणाला सांगितलं नाही. या दिवसाची मला आजही लाज वाटते. सर फोनवर दोघा-तिघांना सांगत होते. प्रज्ञा वडिलांशी बोलत होती, "हाव बाबा, कुणीच पाह्यलं न्हवतं आजवर." मी टाक्या धूत होतो. मनात हिशेब मांडत होतो. सांगितलं तर पोरीचं सोनं जातं. नाही सांगितलं तर आठ दिवसांनी तज्ज्ञ खूश होतात, तिला पदवी मिळते, आणि मग कधीतरी कुणीतरी दुसरीकडे हाच प्रयोग करतो, त्याला ठिपके दिसत नाहीत आणि लोक म्हणतात, हिनं खोटं केलं. माझ्या हळदीपायी तिचं नाव खोटं पडणार. दुपारी चारला मी हातातली जाळी ठेवली.

"प्रज्ञा, ते ठिपके हळदीचे हायेत."

तिला आधी कळलंच नाही. मी तिला अंधाऱ्या खोलीत नेलं, जांभळा दिवा लावला आणि बोट खाली धरलं. ती नखाकडं बघत राहिली. मग ती डिश घेऊन बसली, गर्भाला गुंगीचं औषध दिलं, पापणीच्या केसाची काडी घेतली आणि पहिल्या ठिपक्याला ढोसलं. अंगातली पेशी अशी सुटत नसते. हा सुटला आणि पाण्यात तरंगत निघाला. "एक," ती म्हणाली. मग दोन. मग तीन. सातवाही तसाच सुटून तरंगला. आरपार दिसणाऱ्या गर्भात आतलं काय आणि कातडीवरचं काय, हे वरून बघून कळत नाही. तेवढ्यावर आम्ही सगळे फसलो होतो.

डिश बाजूला सारून तिनं विचारलं, "काका, मी नको म्हणले होते ना?"

"हाव."

"मंग?"

माझ्या तोंडून खरं ते निघून गेलं. "मला वाटलं, तुमच्यात पूजा न्हाई, म्हणून नको म्हणलीस."

तिनं हातातली काडी खाली ठेवली. तिच्या नजरेत राग असता तर मला सोसला असता.

"धुळीसाठी म्हणले होते, काका. बारीक पूड हाय ती. मशीनमधी जाती."

मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पोरगी मशीनबद्दल बोलत होती आणि मी तिची जात ऐकत होतो. इतकी वर्षं एकाच डब्यातून खाल्लं होतं आम्ही. मी म्हणालो, "चुकलो, बाई." दुसरं काय म्हणणार? ती उठली, तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "चला, सरांना सांगू."

"मी सांगतो. माझी करणी हाय."

"दोघं सांगू."

सरांनी सगळं ऐकलं. टेबलावर अजून आपट्याची पानं पडली होती. ती त्यांनी एकेक करून गोळा केली, सरळ केली, पुस्तकात ठेवली. मला वाटलं, आता निलंबनाचा कागद येणार. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "दिगंबर, उद्या सकाळी अंडी मिळतील का?"

एवढंच. त्या माणसाचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही.

आता एकच नळी उरली होती. त्या संध्याकाळी मी जोड्या निवडल्या. भरवशाची जोडी दमलेली होती, म्हणून दोन तरण्या जोड्या आणि एक म्हातारी जोडी ठेवली. चिमटे, ड्रॉपर, डिश सगळं टाकून नवीन काढलं. टेबल तीनदा पुसलं. मायक्रोस्कोपचा पाया प्रज्ञानं पुसला, मी फक्त दिवा धरला. घरी येऊन ब्लेडनं नखं खरवडली. बायको म्हणाली, "आवं, रगत निघंल." मी म्हणालो, "निघू दे."

सकाळी फळ्या काढल्या. तरण्या जोड्या नुसत्या एकमेकांमागं फिरत राहिल्या. दहा मिनिटं गेली, वीस गेली. प्रज्ञा नळी हातात धरून दारात उभी. सुई टोचायची ती अंड्याची पेशी एकच असेपर्यंत, उशीर करून चालत नाही. मी माशांना देव कधी मानलं नव्हतं, त्या दिवशी टाकीपुढं हात जोडले. आणि त्या म्हाताऱ्या मादीनं तळाशी मोत्यांचा सडा टाकला. प्रज्ञा ओरडली, "काका, चला!"

दुसऱ्या दिवशी गर्भाच्या मानेमागं हिरवा पुंजका उमटला. पाणी बदलायची वेळ झाली तसा मी दोन पावलं मागं सरकलो, भिंतीला टेकून हात पाठीमागं बांधले. मी ठरवूनच आलो होतो, आता त्या डिशला हात लावायचा नाही.

प्रज्ञानं ड्रॉपर माझ्यापुढं धरला.

"तू कर," मी म्हणालो.

"न्हाई, काका. तुमच्याइतका हलका हात इथं कुणाचा न्हाई. पाणी तुम्हीच बदला."

मी बदललं. आयुष्यात इतकं पाणी बदललं, पण त्या दिवशीचा एकेक थेंब मला आठवतो.

पेशी कुठं गेल्या? जबड्याकडं. जिथं नेहमी जातात तिथंच. शेपटीकडं एकही गेली नाही. नवीन असं काही सापडलं नाही, पण एकेक पेशी सुटी सुटी, सुरुवातीपासून मुक्कामापर्यंत दिसली. तज्ज्ञ आले तेव्हा प्रज्ञानं तो प्रवास दाखवला आणि शेवटी सात ठिपक्यांचा फोटोही लावला. म्हणाली, "आमच्याकडून झालेली ही चूक." माझं नाव घेतलं नाही, "आमच्याकडून" म्हणाली. त्यातले सगळ्यांत म्हातारे होते ते चष्मा काढून हसले आणि म्हणाले, "हे दाखवलंत, म्हणून बाकीच्यावर विश्वास बसला." मी मागच्या रांगेत बसून होतो. मला हुंदका आवरला नाही, शेजारच्याला वाटलं सर्दी झालीय.

ती पास झाली. मी निवृत्त झालो. आता ती लातूरला एका महाविद्यालयात शिकवते, मासे पाळते, अंधारी खोली बांधलीय. गेल्या खंडेनवमीला तिचा फोन आला, "काका, पूजेला या." मी म्हटलं, "माझी पूजा? तुझ्याकडं?" तर म्हणाली, "पोरांना पूजा करायची हाय. मी त्यांना अडवणार न्हाई. पण कशी करायची ते तुम्हीच शिकवा."

सकाळच्या गाडीनं लातूरला गेलो. व्हरांड्यात पोरापोरींनी बादल्या, जाळ्या आणि झाडू मांडले होते. एक पोर जळकोटची, तिनं घरून झेंडू आणला होता. मायक्रोस्कोप आत कुलपात होता. मी बादलीला हळद लावली, जाळीला लावली. प्रज्ञा बाजूला उभी राहून बघत होती. पूजा आटोपली तशी तिनं सगळ्यांना अंधाऱ्या खोलीत नेलं, साधा जांभळा दिवा लावला आणि माझं मनगट धरून बोट उजेडाखाली ठेवलं. नख पेटलं. पोरं ओरडली.

"ही हळद," ती म्हणाली. "अगदी आपल्या पेशीगत दिसती. मी हिला फसले होते. आन हे काका स्वतः येऊन सांगितले न्हसते तर आज मी तुमच्यापुढं उभी न्हसते."

मी बाहेर येऊन व्हरांड्यातल्या पायरीवर बसलो. आतून जळकोटच्या त्या पोरीनं हाक मारली, पाणी बदलायची वेळ झाली होती आणि मॅडमनी काकांना बोलावलं होतं. मी उठून दारात गेलो, तर तीच पोर आडवी आली.

"काका, हात धुतल्याबिगर आत न्हाई यायचं. नखं पण दाखवा. मॅडमचा नियम हाय."

आतून प्रज्ञाचा आवाज आला, "माझा न्हाई गं, त्यांचाच हाय."

मी नळाखाली साबणानं दोनदा हात घासले, ब्रशनं नखं खरवडली, ती त्या पोरीपुढं धरली आणि तिनं हाव म्हटल्यावर आत गेलो.